झेब्रा फिंचची मादी पुन्हा पुन्हा अंडी घालते, पिल्ले मात्र जगत नाहीत

प्रश्न
गॅलरीतली चिवचिव (डोंबिवली)

नमस्कार. माझे सासरे गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. आम्ही दोघेही दिवसभर घराबाहेर असतो, म्हणून त्यांना सोबत व्हावी या विचाराने दिवाळीनंतर झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यांची एक जोडी घरी आणली. दुकानदाराने घुमटाच्या आकाराचा उंच पिंजरा, दाण्यापाण्याच्या वाट्या आणि आत टांगायची मातीची मटकी असा सगळा संच एकत्रच दिला आणि ‘राळा घाला, पाणी बदला, बाकी काही बघावे लागत नाही’ असे सांगितले. बाबांना या जोडीचा इतका लळा लागला आहे की सकाळचा चहासुद्धा ते आता पिंजऱ्याशेजारी खुर्ची ओढून घेतात.

आल्यापासून तीन आठवड्यांत मादीने पाच अंडी घातली. त्यांतून दोन पिल्ले निघाली, परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोन्ही पिंजऱ्याच्या तळाच्या कागदावर पडलेली सापडली. एक गार पडले होते, दुसऱ्यात अजून धुगधुगी होती. बाबांनी ते ओंजळीत धरून ऊब दिली, पण संध्याकाळपर्यंत तेही गेले. त्यानंतर पंधरवड्याच्या आत मादीने पुन्हा चार अंडी घातली आणि त्यांतून काहीच निघाले नाही. आता तिसरी खेप सुरू झाली आहे. परवापर्यंत मटकीत दोन अंडी होती, त्यात कालपासून भर पडलेली नाही. मादी कालपासून मटकीत जात नाही, पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसून असते. थंडीमुळे तसे होत असावे असे आम्हाला वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. आईबाप स्वतःच पिल्लांना घरट्याबाहेर का टाकतात? आम्ही खाण्यात फक्त राळा देतो, त्यात काही भर घालावी का? नर दिवसभर गातो, मादी गात नाही. बाबांना गाणे आवडते म्हणून आणखी एक नर आणला तर चालेल का? शेवटचा प्रश्न असा की आमच्या भागात दर रविवारी एक माणूस कापडाने झाकलेला पिंजरा घेऊन येतो आणि ‘लाल फिंच’ म्हणून चार पक्षी अगदी स्वस्तात देऊ करतो. पक्षी दिसायला फार सुंदर आहेत. ते याच पिंजऱ्यात ठेवता येतील का?

उत्तर
कृष्णाकाठ (सांगली)

ताई, बाकीचे सर्व प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तळाशी फुगून बसलेली मादी, मटकीत दोनच अंडी आणि कालपासून तिसरे नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: अंडे आत अडकले आहे. फिंचची मादी अंडी घालू लागली की साधारणपणे रोज सकाळी एक अंडे देते. मध्येच खंड पडून ती अशी बसली, तर तिच्या हातात फार तर एखादा दिवस असतो.

तिला आत्ताच वेगळ्या छोट्या पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ टॉवेलवर ठेवा आणि ऊब द्या. त्यासाठी तार तापणारा जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा पिवळा बल्ब लागतो. एलईडीचा उजेड पडतो पण ऊब मिळत नाही, आणि घाईगर्दीत हीच चूक होते. बल्ब खोक्याच्या एका बाजूला, हातभर अंतरावर लावा, म्हणजे फार तापल्यास तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. तिच्याजवळची हवा सुमारे ३० अंशांवर राहील असे पाहा. बल्ब नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. जवळच वाफाळते पाणी ठेवल्यास हवेत ओलावा राहतो, फक्त ते तिच्या आवाक्यात नको.

काय करू नये हे त्याहून महत्त्वाचे आहे. पोट दाबू नका आणि एरंडेल किंवा गोडेतेल मागच्या बाजूने सोडू नका. अंडे आत फुटले तर मादी वाचत नाही. तिला सारखे हातात घेऊन पाहणेही टाळा. पक्षी तपासणारे डॉक्टर जवळपास असतील तर आजच दाखवा, ते कॅल्शियमचे इंजेक्शन देतात. कोणीच सापडले नाही तर परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्षीही पाहतात. मात्र प्रवासात खोके झाकलेले आणि उबदार ठेवा. काय झाले ते कळवा, बाकीचे नंतर लिहितो.

प्रश्नकर्तीचे उत्तर
गॅलरीतली चिवचिव (डोंबिवली)

कृष्णाकाठ, तुमचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. जुना पिवळा बल्ब माळ्यावरच्या खोक्यात सापडला. इथल्या डॉक्टरांनी संध्याकाळी तिला तपासले, तुम्ही म्हणालात तेच निदान केले, इंजेक्शन दिले आणि रात्रभर ऊब चालू ठेवायला सांगितले. बाबा रात्री झोपलेच नाहीत. पहाटे साडेचारच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली तेव्हा टॉवेलवर अंडे पडलेले होते. त्याला कवच असे नव्हतेच. ओल्या कागदाच्या पुडीसारखे ते मऊ होते आणि बोट लावताच त्यावर खळगा पडला. मादी अर्धा तास तशीच पडून होती. सात वाजता ती उठून दाण्याच्या वाटीकडे गेली, आणि पलीकडच्या पिंजऱ्यातल्या नराने जो ओरडा सुरू केला तो तिला परत आत सोडेपर्यंत थांबवला नाही.

आता तरी आम्ही कुठे चुकलो ते सविस्तर सांगा. बाबा हा मजकूर माझ्या शेजारी बसून वाचत आहेत.

उत्तर
कृष्णाकाठ (सांगली)

वाचून जीव भांड्यात पडला. बाबांना माझा नमस्कार सांगा, मादी त्यांच्या जागरणामुळे वाचली आहे.

आता मुळाशी जाऊ. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ प्रदेशातला पक्षी. तिथे पावसाचा नेम नसतो. पाऊस पडला, गवताला दाणा धरला की हे पक्षी लगेच घरटे बांधतात, कारण पुढचा पाऊस केव्हा येईल याची शाश्वती नसते. वर्षाच्या ठरावीक महिन्यातच विणीला लागायचे असा त्यांचा शिरस्ता नाही. दाणा, पाणी आणि घरट्याची जागा या तीन गोष्टी जमल्या की त्यांच्या लेखी सुगी आली. तुमच्या घरात ही सुगी रोजच आहे: वाटी भरलेली, पाणी ताजे, वर मटकी टांगलेली. ती मादी हौसेने अंडी घालत नाही, तिच्या अंगातला स्वभाव तिला थांबू देत नाही. तिचे वजन अवघे बारा ग्रॅमच्या आसपास आणि एकेका अंड्याचे एक ग्रॅम. तुमच्या मादीने दोन महिन्यांच्या आत जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी अंडी घातली आहेत, तीही नुसत्या राळ्यावर. कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिने स्वतःच्या हाडांतून काढले, ते संपत आले, आणि शेवटचे अंडे मऊ निघाले.

म्हणून पहिले काम, मटकी आजच काढा. एरवी जोडी अंड्यांवर बसलेली असताना मी मटकी काढू देत नाही. अंडी उचलली की मादी ती भरून काढण्यासाठी आणखी घालते, त्यापेक्षा खोटी अंडी ठेवून त्यांना बसून कंटाळू द्यावे. परंतु या वेळी मादी मटकीत बसतच नाही आणि तिला विश्रांतीची निकड आहे, त्यामुळे अंड्यांसकट मटकी हलवा. काथ्या, गवताच्या काड्या, तळाच्या कागदाच्या चिंध्या, जे जे चोचीत उचलता येईल ते काही महिने आत नको. काही माद्या मग दाण्याच्या वाटीतच अंडी घालतात, म्हणून खोलगट वाटी काढून उथळ बशी ठेवा. उजेडही दहा-अकरा तासांवर आणा. गॅलरीतला दिवा रात्री अकरापर्यंत चालू राहत असेल, तर संध्याकाळी पिंजऱ्यावर सुती कापड टाकत जा.

पिल्ले बाहेर पडली त्याचे उत्तरही यातच बरेचसे आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू साधारण ग्रॅमभराचे, आंधळे आणि उघडे असते. भूक लागली की ते मान वर करून चोच उघडते आणि आईबाप भरवतात. ज्या पिल्लात मान उचलण्याचे त्राण उरत नाही त्याला आईबाप भरवत नाहीत, आणि मेलेले किंवा मरणाला टेकलेले पिल्लू घरटे स्वच्छ ठेवण्यासाठी उचलून बाहेर टाकतात. यात त्यांचा निष्ठुरपणा काही नाही. कोरडा राळा भिजवून, पचवून भरवला तरी त्यावर पिल्लू वाढत नाही, त्याला प्रथिने लागतात. शिवाय दुकानातून येणाऱ्या जोड्या पुष्कळदा अगदी कोवळ्या असतात. ही मादी तीन महिन्यांची झाली की अंडी घालू शकते, पण तिला निदान आठ-नऊ महिन्यांची होऊ दिल्यावरच मटकी दाखवावी. आणि एक प्रश्न मी बाबांनाच विचारतो, त्यांनी राग मानू नये: पिल्ले निघाल्यावर मटकी खाली उतरवून आत पाहिले होते का? मीही पहिल्या वर्षी दिवसातून चार वेळा टॉर्च मारून पाहत असे, आणि माझीही तीन पिल्ले गेली.

खाण्याविषयी सांगण्यासारखे बरेच आहे, पण आधी वाटीविषयी सांगतो, कारण नवख्या माणसाकडे फिंच सर्वांत जास्त या कारणाने मरतात. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. दुपारपर्यंत वाटी काठोकाठ भरलेली दिसते, प्रत्यक्षात वरचा सगळा थर फोलपटांचा असतो. वाटी हातात घेऊन हलकी फुंकर मारा. फोलपटे उडून गेल्यावर खाली किती दाणे राहतात ते बाबांनी स्वतः पाहावे, त्यांना धक्का बसेल. एवढ्याशा पक्ष्याला उपाशी राहून एक दिवस काढणेही कठीण जाते, आणि घरातली माणसे ‘वाटी तर भरलेली होती’ म्हणून हळहळत राहतात. सकाळ-संध्याकाळ फुंकर मारून वर ताजा दाणा घालण्याचा नेम करा.

दाण्यात राळा मुख्य असू द्या, दुकानात त्यालाच कांगणी म्हणतात. त्यात थोडी बाजरी आणि नाचणी मिसळा. आठवड्यातून दोन-तीनदा हाच दाणा रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून, बारीक मोड आले की स्वच्छ धुऊन द्या आणि दोन-तीन तासांत उरलेला काढून टाका. कोथिंबीर किंवा मेथीची जुडी धुऊन, पाणी झटकून, पिंजऱ्याच्या तारेला अडकवा. उकडलेले अंडे कवचासकट बारीक कुस्करून आठवड्यातून एकदा चमचाभर पुरे. विणीच्या काळात, आणि विशेषतः पिल्ले असताना, ते रोज ताजे द्यावे लागते, एरवी मात्र रोज दिल्यास तीच पुन्हा अंड्यांची चाहूल ठरते. समुद्रफेसाची एक वडी तारेला कायमची बांधून ठेवा, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात ती मिळते. तुमच्या मादीसाठी पुढचा महिनाभर ती चाकूने खरवडून मोडाच्या दाण्यावरही भुरभुरा. डोंबिवलीच्या पावसाळ्यात मोठी पोती भरून दाणा साठवू नका. दमट दाण्याला बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि पक्ष्याचे यकृत खाते. महिन्यापुरताच आणा आणि ऊन पडेल तेव्हा तासभर वाळवा.

घुमटाचा उंच पिंजरा दिसायला छान असला तरी फिंच हेलिकॉप्टरसारखा सरळ वर उडत नाही, तो आडवा उडतो. एका जोडीला किमान अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद असा आयताकृती पिंजरा हवा, गजांतले अंतर अर्ध्या इंचाहून कमी. दोन्ही टोकांना एकेक काठी लावावी आणि मधली जागा मोकळी सोडावी. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, कमीअधिक जाडीच्या खऱ्या फांद्या पायांना चांगल्या. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. घरट्यात पिल्ले असताना मुंग्या लागल्या तर काहीच हाती लागत नाही. दुपारी बोटाच्या पेराएवढ्या खोल बशीत पाणी ठेवून पाहा, दोघेही आंघोळ करतील.

धुराबाबत मात्र मी हात जोडून सांगतो. पक्ष्याची फुप्फुसे आपल्यापेक्षा अधिक जोमाने हवेतले सगळे शोषून घेतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतले पक्षी काही मिनिटांत मरतात. डासांची कॉइल, धूप, कापूर, ऊद हे पिंजऱ्याच्या खोलीत नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा हलवा. दिवाळीच्या चार रात्री गॅलरीतून आत, बंद खोलीत घ्या.

उत्तर
माळरान (सोलापूर)

वरील मार्गदर्शन उत्तम आहे. मी फक्त रविवारी येणाऱ्या माणसाविषयी लिहितो, कारण त्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही.

तो विकतो ते ‘लाल फिंच’ म्हणजे बहुधा आपली लाल मनोली, जिला बाजारात लाल मुनिया म्हणतात. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, नर लालभडक होतो आणि अंगभर पांढरे ठिपके उमटतात. विणीचा काळ सरला की तोच पक्षी तपकिरी होतो, चोच आणि शेपटीच्या बुडाचा भाग तेवढा लाल राहतो. उंच गवतात, तळ्याकाठच्या बोरूच्या बेटांत, उसाच्या कडेला मी त्यांचे थवे पाहिले आहेत. पिंजऱ्यासाठी या पक्ष्याला पकडण्याची रीत फार जुनी आहे. पूर्वी तो अहमदाबादेहून इतक्या मोठ्या संख्येने परदेशी जात असे की त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अमांडवा’ हा शब्द त्या शहराच्या नावावरूनच आला.

आज ते सर्व बेकायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या देशातल्या रानमनोल्या पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी ठेवणे हे गुन्हे आहेत, आणि घेणाराही त्यात सापडतो. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब चालत नाही. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हे पक्षी जाळ्यात धरलेले असतात. खोक्यात कोंबून आणताना त्यांतले कित्येक वाटेतच मरतात आणि उरलेले तुमच्या पिंजऱ्यात भीतीने गजांवर आपटत राहतात. त्यांच्याबरोबर आलेला रोग तुमच्या जोडीलाही लागू शकतो.

त्यात आणखी एक प्रकार असतो. ठिपकेवाली मनोली आणि पांढऱ्या कंठाची मनोली हे साधे मातकट पक्षी आहेत. त्यांना हिरवा, गुलाबी, पिवळा रंग फासून ‘परदेशी फिंच’ म्हणून विकले जाते. पिसांवर हळूच फुंकर मारली की मुळाशी मूळचा तपकिरी रंग दिसतो, चोचीच्या कडेला आणि पायांवर रंगाचे डाग असतात, आणि पहिल्या आंघोळीत पाणी रंगते. पांढऱ्या कंठाची मनोली आमच्याकडे बाभळीवरच्या सुगरणींच्या जुन्या खोप्यांत संसार थाटते. तिला गुलाबी रंगवलेली मी एका आठवडी बाजारात पाहिली तेव्हा ओळखायला क्षणभर वेळ लागला, आणि ती मान वळवून आपल्याच पंखावरचा रंग चोचीने काढण्याचा प्रयत्न करत होती. तो माणूस पुन्हा आला तर त्याच्याशी वाद घालू नका, दया येऊन पक्षी विकतही घेऊ नका, कारण तेवढ्या पैशांत तो पुढच्या रविवारी आणखी आणतो. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर जागा आणि वेळ कळवा.

तुमचे झेब्रा फिंच या कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत. ते परदेशी वंशाचे असून कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. तरी दुकानाची पावती जपून ठेवा. परदेशी असले म्हणून सगळेच मोकळे असतात असेही नाही. काही मंडळी फिंचसोबत जावा चिमणी ठेवतात. तिचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद करावी लागते.

उत्तर
अ‍ॅडलेडहून

मूळचा पुण्याचा, बारा वर्षे दक्षिण ऑस्ट्रेलियात राहतो. बाबांच्या गाण्याच्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटले.

दोन वर्षांपूर्वी मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या बाजूला गेलो असताना एका लहानशा पाणवठ्यावर मी रानातले झेब्रा फिंच प्रथम पाहिले. शंभराहून अधिक पक्षी काटेरी झुडपातून उतरत होते, पाणी पिऊन परत जात होते. बहुतेक पक्षी कोंबडीसारखी मान वर करून पाणी गिळतात, हे मात्र चोच पाण्यात बुडवून सलग ओढून घेतात, कारण उघड्यावर जितका वेळ कमी तितका ससाण्याचा धोका कमी. एवढ्या गर्दीतही जोडी जोडीनेच हलत होती. एक उडाला की दुसरा त्याच्यामागे, आणि नजरेआड झाला की लगेच मोठ्याने हाक. तुमच्या नराने सकाळी घातलेला गोंधळ म्हणजे तीच हाक होती.

गाणे ही निराळी गोष्ट आहे. ते फक्त नर गातो, आणि ते त्याला जन्मतः येत नाही. पिल्लू साधारण महिनाभराचे झाल्यापासून ते तीन महिन्यांचे होईपर्यंत बापाचे ऐकून, आधी पुटपुटत, मग चुकत-सुधारत ते शिकते, आणि एकदा पक्के झाले की जन्मभर तेच गाते. प्रत्येक नराचे गाणे वेगळे असते. माणसाचे मूल बोलायला कसे शिकते हे समजून घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा म्हणूनच हा पक्षी पाळतात. २०१० मध्ये याचा जनुकसंच वाचला गेला, पक्ष्यांमध्ये कोंबडीनंतर हा दुसराच. तेव्हा बाबा जे ऐकतात ते त्या नराने आपल्या बापाकडून उचललेले आहे.

दुसरा नर त्याच पिंजऱ्यात आणू नये. एक मादी आणि दोन नर यांत भांडणे होतात, आणि छोट्या जागेत हरलेल्याला पळायला वाट नसते. गाणे अधिक हवे असेल तर दोन नरांची जोडी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवता येते. ते एकमेकांना छान धरून राहतात आणि अंड्यांचा प्रश्नच येत नाही. खरे सांगायचे तर निवृत्त माणसाच्या सोबतीसाठी सुरुवातीलाच दोन नर घ्यावेत असे माझे मत आहे. बजरीगार या छोट्या पोपटांसोबत फिंच कधीही ठेवू नका, ते यांचे पाय चावतात.

कृष्णाकाठ यांच्या एका मुद्द्यात मला थोडी भर घालायची आहे. रानात हे पक्षी विणीखेरीज नुसते झोपण्यासाठीही घरटे वापरतात. मटकी एकाएकी गेल्यावर तुमची जोडी पहिल्या काही रात्री अस्वस्थ राहील. पिंजऱ्याचा एक वरचा कोपरा बाहेरून कापडाने झाका आणि तिथे पानांची डहाळी लावा, म्हणजे आडोशाची भूक भागते आणि घरटे करायला जागाही राहत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर
गॅलरीतली चिवचिव (डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. मटकी काढून आठ दिवस झाले. तीन फुटी आयताकृती पिंजरा आणला आहे, समुद्रफेस बांधला आहे, आणि घरातला नॉनस्टिक तवा बाबांनी स्वतः उचलून शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या नणंदेला देऊन टाकला आहे. वाटीला फुंकर मारल्यावर तळाशी मोजून अकरा दाणे निघाले. ते पाहून बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. रविवारच्या माणसाबद्दल फोन केला आहे.

बाबांना एवढेच विचारायचे आहे की या जोडीला पुन्हा पिल्ले होऊ द्यावीत की कायमचीच मटकी बंद करावी. मटकी जिथे टांगलेली होती त्या जागेपाशी नर अजून जाऊन बसतो, ते त्यांना बघवत नाही. आणि मटकीतून पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांचे काय करायचे असते?

उत्तर
कृष्णाकाठ (सांगली)

बाबा, तो नर आणखी आठवडाभर तिथे बसेल, मग सोडून देईल. डहाळी त्याच जागी लावा.

कायमची बंदी घालण्याची गरज नाही, पण निदान सहा महिने तरी मटकी नको. या काळात मादीची छाती भरून यायला हवी. तिला हातात धरल्यावर छातीच्या मधले हाड सुरीच्या पात्यासारखे टोचत असेल तर ती अजून तयार नाही. दोन्ही बाजूंना मांस भरून हाड नुसते जाणवत असेल तर ती सावरली. डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. नंतर वर्षातून दोन खेपांपेक्षा अधिक होऊ देऊ नका. तुमच्या मादीचे झाले आहे ते पाहता मी तिला एकच खेप देईन, आणि तीही पावसाळ्याची दमट हवा किंवा ऐन थंडी टाळून.

अंड्यांवर दोघे आळीपाळीने बसतात. बारा ते चौदा दिवसांत पिल्ले निघतात आणि अठरा ते एकवीस दिवसांची झाली की मटकीबाहेर येतात. त्यांच्या चोची तेव्हा काळ्या असतात. बाहेर आल्यावरही पुढचे दोन आठवडे आईबाप, त्यातही बाप अधिक, त्यांना भरवतात. पिल्ले बाहेर पडताच मटकी काढून घ्या, नाहीतर मादी त्यांना बापावर सोडून लगेच पुढची अंडी घालते. पाच-सहा आठवड्यांची, स्वतः दाणा सोलून खाणारी झाली की त्यांना दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा, मात्र तो बापाच्या शेजारीच ठेवा, कारण नर पिल्लांचे गाणे त्या काळात घडत असते. तीन महिन्यांच्या आत नर आणि मादी वेगळे करा. बहीणभावांची जोडी होऊ देऊ नका.

एका खेपेत चार-पाच पिल्ले होतात आणि फिंच पाच-सात वर्षे सहज जगतो. ती कोणाला द्यायची हे मटकी लावण्याआधी ठरलेले असावे. आकाशात सोडून देणे हा मार्ग नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला बाहेर दाणा शोधता येत नाही आणि कावळ्याला चुकवता येत नाही, दोन दिवसांत तो संपतो. म्हणून माझी विनंती अशी की सहा महिन्यांनी बाजारात गेलात की आधी दुसरा पिंजरा आणा. मटकी तोपर्यंत माळ्यावर, त्या पिवळ्या बल्बच्या खोक्यातच ठेवा. दोन्ही लागतील तेव्हा एकाच ठिकाणी सापडतील.